जुन्या पिकअपला इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता?

आपल्या समाजात गॅरेज चालवणारी, मालवाहतूक करणारी, स्पेअर पार्ट विकणारी घरं पुष्कळ आहेत. त्यामुळे कोकणात काय किंवा घाटावर काय, एखाद्या पडवीत किंवा चिंचेखाली जुनी जीप पिकअप उभी दिसली तर नवल वाटत नाही. पुढे जीपचं तोंड, मागे लोखंडी हौदा, काचेवर पुसट झालेलं 'माशाअल्लाह'. अशा गाडीने दोन पिढ्यांची शिक्षणं, लग्नं आणि घरबांधणी ओढलेली असते. एक दिवस तिचं इंजिन धूर सोडू लागतं, गिअर निसटू लागतो आणि प्रश्न येतो: आता हिच्यात काय बसवायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा गॅरेजमध्ये, चहाच्या एका कपात निकालात निघतो. कोणीतरी सांगतं, "मोठं इंजिन टाका, उडेल गाडी!" घरातल्या तरुणांना ते पटतं. मग दोन महिने गाडी गॅरेजमध्ये पडून राहते, घरचे पैसे संपतात आणि शेवटी जे तयार होतं त्याला घाटात ब्रेक लागत नाही. माझ्या मते इंजिन हे एकटं निवडायची वस्तूच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी आहे. ती रस्ता, ओझं, कागदपत्रं आणि गाडीचे खरे मालक यांच्याकडे बघून ठरवावी लागते. त्यातही मालकांचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत जास्त विसरला जातो. त्यावर पुढे येतोच.

आधी या गाडीचं घराणं थोडं पाहू. १९४५ मध्ये पोलादाचा व्यापार करण्यासाठी जी कंपनी निघाली तिचं नाव होतं 'महिंद्र अँड मोहम्मद'. महिंद्र म्हणजे के. सी. आणि जे. सी. हे दोघे भाऊ आणि मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इथे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. माझगावात विलिज जीप जोडायला सुरुवात झाली ती त्याच सुमारास. आज ज्या गाड्यांना आपण 'जुनी महिंद्रा' म्हणतो त्यांच्या मुळाशी ही अशी एक तुटलेली भागीदारी आहे.

या घराण्यातली उंच बॉनेटची जीप सगळ्यांच्या ओळखीची. तिचं बॉनेट उंच का? तर आतलं हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन उंच होतं म्हणून. चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, ७० ते ७५ अश्वशक्ती. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची वेगळी रचना. याचा फिरवण्याचा जोर, ज्याला गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात, सुमारे १५५ न्यूटन-मीटर, आणि तोही २००० फेऱ्यांवरच मिळणारा. म्हणजे इंजिन फार न रेटता गाडी ओढते. त्याच्यामागे टी-९० नावाचा तीन गिअरचा बॉक्स असे. त्याला चिकटून फोर-व्हीलचा ट्रान्सफर केस आणि मागे ५.३८ चं क्राउन-पिनियन.

ही जोडी ज्यांनी जुळवली त्यांनी हिशेब केला होता. पहिल्या गिअरचं प्रमाण २.७९८, ट्रान्सफर केसच्या लो गिअरचं २.४६, क्राउन-पिनियनचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार केला तर ३७ येतो. म्हणजे इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. दलदलीतून, चढावरून, भरल्या हौद्यासह गाडी माणसाच्या चालीने वर जाते ती या ३७ मुळे, निव्वळ इंजिनाच्या ताकदीने नव्हे. शाळेत गुणोत्तर-प्रमाण शिकवताना मी हेच उदाहरण देतो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा त्या दिवशी वही उघडतात.

पेट्रोल महाग झालं तशी या गाड्यांत डिझेल इंजिनं आली. एक घराणं ट्रॅक्टरच्या बाजूचं. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. त्या ओळीतली जड, संथ, ओतीव लोखंडाची इंजिनं जीपमध्ये आली. ती कमी फेऱ्यांवर ओढतात, कोणत्याही खेड्यात दुरुस्त होतात, पण थरथर इतकी की आरसा टिकत नाही. दुसरं घराणं फ्रान्सच्या प्युजोचं, आपल्या इगतपुरीच्या कारखान्यात बनलेलं. त्यातलं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं आणि पुढचं एक्सडी३पी २४९८ सीसीचं. ही इंजिनं जास्त फेऱ्या घेतात, आवाज थोडा सौम्य, मात्र थंडीत सकाळी हीटर प्लग तापवल्याशिवाय बोलत नाहीत. आणि अलीकडचं तिसरं घराणं कॉमन रेलचं, कंप्युटरवर चालणारं सीआरडीई. २०१० च्या थारमधलं हे इंजिन १०५ अश्वशक्तीचं आणि २४७ न्यूटन-मीटर जोराचं होतं.

आता एका घराची गोष्ट सांगतो, म्हणजे हे आकडे जमिनीवर येतील.

माझा एक जुना विद्यार्थी रत्नागिरी जिल्ह्यात गॅरेजमध्ये काम करतो. त्याचे अब्बा गेल्या वर्षी अल्लाहला प्यारे झाले. मागे अम्मी, मोठा भाऊ कुवेतला, मधली बहीण लग्न होऊन जवळच्याच गावात आणि हा धाकटा. घरची आंब्याची बाग आणि अब्बांची जीप पिकअप. गाडी मूळ पेट्रोलची, पण अब्बांनी नव्वदच्या दशकात परवानगी काढून तिच्यात प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल बसवलं आणि आरसी बुकात त्याची नोंदही करून घेतली. गिअरबॉक्स मात्र तोच जुना टी-९० ठेवला. आता इंजिन तेल पीत होतं आणि पहिल्या गिअरचे दात उडाले होते.

"सर, भाईजान म्हणतात सीआरडीई टाकू या, पाच गिअरचा बॉक्स टाकू या, पैसे मी पाठवतो," तो मला म्हणाला. "तिकडे आखातात त्यांनी अशा जुन्या गाड्या पाहिल्यात. ऑटोमॅटिक गिअरसुद्धा बसवतात म्हणे."

"आणि तुझे उस्ताद काय म्हणतात?"

"ते म्हणतात, बसवू की. पण आधी गाडीने काय काम करायचं ते सांग."

उस्तादांच्या या प्रश्नाचं उत्तर बहिणीकडे होतं, कारण बागेचा जमाखर्च तीच लिहिते. तिच्या वहीत मागच्या हंगामाच्या खेपा होत्या. बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर जांभ्या दगडाची कच्ची वाट, त्यात दोन उभे चढ. मग वळणावळणाचा बावीस किलोमीटर रस्ता. एका खेपेला जास्तीत जास्त तीस पेट्या, म्हणजे साधारण सहाशे किलो. आणि या सगळ्या रस्त्यावर गाडी पन्नासच्या वर कधी जात नाही, जाऊही नये.

मी फळ्यावर करतो तसा हिशेब त्या वहीच्याच मागच्या पानावर केला. ६.००-१६ च्या टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ताशी ५० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ३७० वेळा फिरतं. टॉप गिअरमध्ये त्याला ५.३८ ने गुणलं की इंजिनाच्या फेऱ्या आल्या, जेमतेम २०००. डिझेलला हे आरामाचं चालणं. म्हणजे त्यांच्या रस्त्यासाठी मागचं जुनं क्राउन-पिनियन बरोबरच होतं. तीच गाडी हायवेला ८० ने पळवायची असती तर फेऱ्या ३१०० च्या पुढे गेल्या असत्या, इंजिन दिवसभर किंचाळलं असतं आणि मग ४.२७ सारखं लांब प्रमाण किंवा पाचवा गिअर हवा असता. पुण्या-मुंबईला रोज जाणाऱ्याने तो खर्च जरूर करावा. बागेतून बाजारात जाणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

मग अडचण नेमकी कुठे होती? ती टी-९० च्या पायऱ्यांमध्ये होती. पहिला गिअर २.७९८, दुसरा १.५५१, तिसरा थेट १. पहिल्यात इंजिन ३००० फेऱ्यांवर नेऊन दुसरा टाकला की फेऱ्या एकदम १६६० च्या आसपास कोसळतात. पेट्रोल इंजिन हा खड्डा सहन करतं, कारण त्याच्या फेऱ्यांचा पट्टा रुंद असतो. जुन्या डिझेलचा पट्टा अरुंद. चढावर भरली गाडी असताना दुसरा टाकला की इंजिन गुदमरतं, पुन्हा पहिला टाकावा लागतो. टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो घालायचा तर डबल क्लच मारावा लागतो. अब्बांना ते सवयीने जमत होतं. धाकट्याला तितकं नाही. दात उडाले ते असे. इंजिनाने वर्षानुवर्षं दिलेले डिझेलचे फटके वेगळेच.

म्हणजे ताकद कमी नव्हती, पायऱ्या लांब होत्या. चार गिअरचा बॉक्स ही त्यावरची सरळ दुरुस्ती. त्याच डिझेल जीपच्या पिढीत कंपनीचा केएमटी-९० हा चार गिअरचा बॉक्स येत होता. तो त्या इंजिनाच्या सोबतीचा, त्यामुळे बेल हाउसिंग आणि क्लच त्याच घरातले मिळतात.

आता भाईजानच्या सीआरडीईचा विचार करू. जुन्या हरिकेनचा जोर १५५ होता. तो पहिल्या गिअरमधून बाहेर पडताना २.७९८ पट होतो, म्हणजे सुमारे ४३४. लो गिअर टाकला की १०६७. टी-९०, त्याच्या मागचे क्रॉस, प्रोपेलर शाफ्ट आणि एक्सल हे सगळं या आकड्याच्या हिशेबाने घडवलेलं. तिथे २४७ जोराचं इंजिन आणलं की तेच आकडे ६९१ आणि १७०० होतात. मग आधी गिअरबॉक्स बदला, मग ट्रान्सफर केस, मग क्रॉस, मग एक्सल. साखळीतली सर्वांत कच्ची कडी प्रत्येक वेळी पुढे सरकते, तुटायची थांबत नाही. शिवाय या इंजिनाला कंप्युटर, सेन्सर आणि सगळं वायरिंग लागतं. मे महिन्यात तीस पेट्या घेऊन गाडी वाटेत बंद पडली तर स्कॅनर घेऊन कोण येणार? पिकलेला हापूस कोणासाठी थांबत नाही. ऑटोमॅटिकची गत तीच, वर त्याचं तेल थंड ठेवायला वेगळा कूलर.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. या जुन्या जीपना चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक असत, बूस्टर नसे. गाडीचा वेग ६० वरून ९० झाला, म्हणजे दीडपट झाला, तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. इंजिन दुप्पट करणारे पुष्कळ भेटतात. त्याच बैठकीत ब्रेकचा खर्च मांडणारा मिस्त्री क्वचित. असा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका, मजुरी थोडी जास्त मागितली तरी.

जोडी जमवताना गॅरेजमध्ये काय पाहायचं, हे घरच्यांनाही माहीत असावं. इंजिनाच्या क्रँकची मध्यरेषा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची मध्यरेषा एकच हवी. केसाच्या जाडीचे एक-दोन फरक पडले तरी पायलट बेअरिंग खातं, क्लच थरथरतो, गिअर आपोआप निसटतो. म्हणून मधली अडॅप्टर प्लेट चांगल्या लेथवाल्याकडूनच, डायल गेज लावून तपासलेली हवी; गॅस कटरने कापलेली पट्टी चालणार नाही. क्लच प्लेटच्या स्प्लाइनचे दात गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळतात का, स्टार्टर फ्लायव्हीलला बरोबर लागतो का, हे इंजिन खाली उतरवण्याआधी मोजायचं. बॉक्सची लांबी बदलली की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावे लागतात, एक आखूड आणि एक लांब. इंजिनचं फाउंडेशन हलतं, पंखा रेडिएटरला घासतो. जड डिझेल असेल तर पुढचे पाटे बसतात. माझा अनुभव असा की इंजिनाच्या किमतीवर लोक तासभर घासाघीस करतात आणि या भोवतालच्या खर्चाचा विचारच करत नाहीत, जो बघता बघता इंजिनाइतका होतो.

कागदांकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेता येतो. जे इंजिन त्या मॉडेलला कधी आलंच नाही त्याचं काय करणार? गाडी पासिंगला अडते आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडी घरातली, हौद्यात बसलेली माणसं घरातली. नोंद नसलेल्या इंजिनाची जोखीम कोणावर पडते ते सांगायला नको.

ज्यांची जीप पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ पेट्रोल इंजिनासह जिवंत आहे त्यांनी तर स्पॅनर उचलण्याआधी दहा वेळा विचार करावा. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,०००. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं. अशी गाडी धंद्याला किंवा रोजच्या वापराला चालत नाही, हेही खरं. ती शौकिनांची वस्तू होते. पण शौकीन चांगली किंमत देतात आणि डिझेल घातलेल्या जीपला ती मिळत नाही.

जुनं इंजिन कुर्ल्याच्या किंवा आणखी कुठल्या बाजारातून घेणार असाल तर पक्कं बिल, ज्या गाडीतून निघालं तिचा कागद आणि ब्लॉकवरचा न खोडलेला नंबर, या तीन गोष्टींशिवाय पैसे देऊ नका. नंबर घासलेलं इंजिन स्वस्त मिळतं. ते चोरीचं असू शकतं, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं कायद्याने गुन्हा आणि शरीअतने हराम. इंजिन थंड असतानाच चालू करून बघा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर संशय घ्या. तेलाचं झाकण उघडून भकाभक धूर येतो का, झाकणाखाली दुधट साय आहे का, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, एवढं तर कोणीही पाहू शकतं.

आता तो विसरला जाणारा मुद्दा. ही गाडी कोणाची होती?

भाईजान 'माझे पैसे', धाकटा 'माझी मेहनत' म्हणत होते, पण गाडी अब्बांची होती आणि अब्बांच्या पश्चात ती सर्व वारसांची झाली होती. मरहूमचं कर्ज आणि वसियत भागवल्यावर उरलेल्या मालमत्तेत, मुलं असताना, पत्नीचा आठवा हिस्सा आणि बाकीत मुलाला मुलीच्या दुप्पट, ही वाटणी सूरह अन-निसामध्ये स्पष्ट दिली आहे. जमिनीच्या वेळी हे आपण निदान बोलतो तरी. गाडी, गिअरबॉक्स, गोठ्यात पडलेलं जुनं इंजिन यांच्या वेळी कोणी तोंडही उघडत नाही. उदाहरणादाखल गाडीची किंमत २,४०,००० रुपये धरा. अम्मीचे ३०,०००. उरलेल्या २,१०,००० मध्ये दोन भावांचे ८४,००० प्रत्येकी आणि बहिणीचे ४२,०००. म्हणजे एका भावाने कोणाला न विचारता गाडी उघडली आणि ती वाया गेली, तर बहिणीचे ४२,००० आणि आईचे ३०,००० वाया गेले. बहीण काही बोलणार नाही, भावाशी नातं तुटू नये म्हणून गप्प राहील. तिचं गप्प राहणं म्हणजे परवानगी नव्हे.

आणि भाईजानने पाठवलेले पैसे म्हणजे काय? सगळ्यांना भेट, की कर्ज, की त्याचा गाडीतला वाढीव हिस्सा? तिन्ही जायज आहेत, पण कोणतं ते आधी ठरायला हवं. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, असं कुरआन सांगतं ते भावंडांनाही लागू आहे. सरकारी बाजूही आहे: मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवून, तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरच्या फॉर्मवर गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. या घराने तो दिला नव्हता. आरसी अजून अब्बांच्याच नावावर होती, आणि मयत माणसाच्या नावावरच्या गाडीत इंजिन बदलण्याची परवानगी मागायला कोण जाणार होतं?

तेव्हा आधी तो अर्ज उशिराच्या दंडासह गेला. अम्मी आणि आपाने गाडी धाकट्याच्या नावावर करायला लेखी संमती दिली. त्यांच्या हिश्श्याचे पैसे दोन हंगामांत द्यायचे ठरले. भाईजानशी फोनवर बोलणं झालं. तो सुरुवातीला थोडा नाराज झाला. "मी चांगल्यासाठीच म्हणत होतो," असं म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग उस्तादांनी त्याला व्हिडिओ कॉलवर टी-९० चा उडालेला गिअर दाखवला आणि खेपांचा हिशेब वाचून दाखवला. त्याने पाठवलेली रक्कम बिनव्याजी कर्ज म्हणून वहीत चढली, सीआरडीईसाठी जेवढी लागली असती त्याच्या निम्म्याहून कमी.

काम असं झालं. प्युजोचं तेच इंजिन खोललं. नवे लायनर-पिस्टन घातले, क्रँक ग्राइंड करून घेतला, इंजेक्टर आणि पंप कॅलिब्रेट केले. ब्लॉक तोच राहिला, त्यामुळे नंबर तोच आणि आरसीला हात लावायची गरज पडली नाही. मागे चार गिअरचा बॉक्स, त्याच घराण्यातल्या बेल हाउसिंगसह. आरसीवर इंजिनाचा आणि चासीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तरी उस्तादांनी धाकट्याला आरटीओत विचारून यायला लावलं. क्राउन-पिनियन ५.३८ चंच ठेवलं. वाचलेल्या पैशातून चारही ड्रम टर्निंग करून घेतले, नवे लायनर, नवे सिलिंडर, आणि ब्रेकचे सगळे पाइप बदलले. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करायला कोल्हापूरला पाठवावे लागले. त्यात आठ दिवस गेले आणि हंगामाच्या पहिल्या दोन खेपा भाड्याच्या गाडीने कराव्या लागल्या.

मी गेलो तेव्हा धाकटा वाटेवरच्या दुसऱ्या चढावर होता, तीस पेट्या घेऊन. दुसरा गिअर टाकल्यावर इंजिन थोडं खाली बसलं आणि पुन्हा उचललं. गुदमरलं नाही. उतारावरही त्याने तोच गिअर ठेवला, जो चढायला लागला होता. उस्तादांनी त्याच्याकडून ते घोकून घेतलंय.

अब्बांनी काढून ठेवलेलं मूळ हरिकेन इंजिन अजून गोठ्यात आहे, ताडपत्रीखाली, व्हॉल्व्हच्या जागी कापडाचे बोळे कोंबलेलं. व्हिंटेज जीपवाल्या एका शौकिनाने त्याची चौकशी केली आहे. धाकट्याने त्याला आधीच सांगून टाकलं की एका सिलिंडरला ओरखडा आहे. ओलं धान्य ढिगाच्या खाली लपवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) काय सुनावलं, ते त्याने मदरशात ऐकलेलं आहे. गिऱ्हाईक ओरखड्याचं ऐकून मागे हटलं नाही, फक्त किंमत कमी केली. आपाच्या वहीत आता या इंजिनासाठी वेगळं पान आहे, वर अम्मीचं नाव, खाली तिघा भावंडांची, आणि रकमेची जागा अजून कोरी.